स्वतःच्या इंजिनावर उजेड पाडणारी जीप

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या जाळीमागे एक साधी करामत दडलेली आहे. तिचे दोन्ही हेडलाइट बिजागरीवर बसवलेले असत. बॉनेट उघडायचं, पंखनट सैल करायचा आणि दिवा मागे उलटवायचा. झोत थेट इंजिनावर. रात्री रानात गाडी अडली आणि जवळ कंदीलही नसला, तरी शिपायाला इंजिनात हात घालता यावा, एवढ्यासाठी ही सोय होती. गाडी बिघडणारच, आणि जो चालवतो त्यालाच ती दुरुस्त करावी लागणार, हे गृहीत धरून आखलेली मोटार याहून चोख मला तरी माहीत नाही. ऐंशी वर्षांनंतरही तिच्या वंशातल्या जीपा घराच्या अंगणात, चिंचेखाली, चार पान्यांवर सुरू केल्या जातात, याचं मूळ त्या आखणीत आहे.

या गाडीचा जन्म घाईतला. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली आणि हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीचा पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. अमेरिकन बॅन्टम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं आणि मुदतीत, २३ सप्टेंबरला, नमुना मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत हजर केला. पुढची मोठी कंत्राटं मात्र विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना गेली. बॅन्टमच्या वाट्याला अखेर ट्रेलर आले. दोन्ही कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सुमारे ६ लाख ४० हजार जीपा बनवल्या. त्यात अट अशी होती की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. म्हणून दोन मोडक्या जीपांमधून एक धड जीप उभी करता येई. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावर बारीक ‘एफ’ उमटवून ठेवला, आणि जुन्या जीपांचे शौकीन आजही तेवढ्यावरून बोल्ट कुणाचा हे सांगतात.

आपल्याकडे ही गाडी आली ती महिंद्रांमुळे. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू व मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीपा जोडायला सुरुवात झाली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथेच बनू लागली आणि अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाल्यावरही भारतात बनत राहिली. फ्रेंच प्यूजोच्या डिझेल इंजिनाची एमएम ५४० आली १९८० च्या दशकात. साताऱ्या-कोल्हापुराकडचं वडाप, मराठवाड्यातली काळीपिवळी, तहसीलदारांची सरकारी जीप, हे सगळं त्याच कुळातलं. आजोबांच्या जीपवर हात फिरवणारा मराठी माणूस म्हणूनच विरळा नाही.

आता यंत्राकडे वळू. विलीजच्या मूळ पेट्रोल इंजिनाचा बोअर ७९.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११.१ मिलिमीटर, क्षमता २१९९ सीसी, ताकद ६० अश्वशक्ती. पिस्टन स्वतःच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त अंतर वरखाली करतो. असं लांब स्ट्रोकचं इंजिन वेगात मागे पडतं, पण कमी फेऱ्यांतही नेटाने ओढतं. त्याला गिअरांची साथ आहे. सीजे-३बीच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.८, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचं २.४६ आणि एक्सलचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७ येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी साडेतीन-चार किलोमीटरने, माणसाच्या चालीने, दगडांवरून चढते. ऑफ-रोडिंगमध्ये ताकदीचा गवगवा फार होतो; खरं काम हा सदतीसचा आकडा करतो.

घरी दुरुस्तीला बसणाऱ्याची पहिली गाठ पडते ती पान्यांशी. विलीजचे बोल्ट अमेरिकी, म्हणजे इंचातले. प्यूजोचं इंजिन मेट्रिक. त्यामुळे एमएम ५४० मध्ये इंजिनावर १३ आणि १७ चे पाने चालतात, तर खाली एक्सल आणि ट्रान्सफर केसवर १/२ आणि ९/१६ इंचाचे लागतात. यात काही जोड्या योगायोगाने जमतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना घट्ट बसतो. ७/१६ ला ११ चा जवळपास चालतो. पण १/२ इंच म्हणजे १२.७; तिथे १३ चा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा आल्याशिवाय सुटका नाही. ९/१६ वर तर १४ चा चढत नाही आणि १५ चा घसरतो. इंची रिंगपान्यांचा एक संच ही या गाडीवरची पहिली आणि सगळ्यात शहाणी खरेदी.

दुसरा चकवा चाकांत. जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. फिरत्या चाकाने नट सैल होऊ नये म्हणून ही योजना. माहीत नसलेला माणूस पान्यावर उभा राहून जोर लावतो. नट सुटण्याऐवजी आवळत जातो आणि अर्ध्या इंचाचा स्टड तटकन तुटतो. स्टडवर ‘एल’ अक्षर दिसतं का ते आधी पाहावं. पूर्वीच्या मालकाने हब बदलून डावीकडेही सुलटे स्टड टाकले असतील, तर कुठलाच नियम लागू होत नाही, डोळेच उघडे ठेवावे लागतात.

पेट्रोल जीपचं टायमिंग बांधणं हा या सगळ्या उद्योगातला सर्वात देखणा भाग. त्याला लागतो एक फीलर गेज, एक पाना आणि दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, बॅटरीच्या व्होल्टेजचा. गॅरेजांमध्ये ‘डेल्को’ म्हणतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या आत सीबी पॉइंट असतात. इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील अशा जागी आणायचं आणि त्यांच्यातली फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ठेवायची. मग पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेऊन वरच्या टोकाच्या ५ अंश अलीकडच्या खुणेवर थांबायचं. बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी चॅसीला. इग्निशन चालू. पॉइंट मिटलेले असतील तोवर वीज त्यांच्यातूनच अर्थला जाते आणि बल्ब विझलेला राहतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून तो आधी रोटरच्या दिशेने फिरवायचा, पॉइंट मिटवायचे, मग उलट दिशेने सावकाश परत आणायचा. ज्या क्षणी बल्ब लागतो त्या क्षणी पॉइंट उघडले, म्हणजे नेमकी तिथेच ठिणगी पडणार. क्लॅम्प आवळायचा. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही. एका बल्बने इंजिनाला वेळ शिकवली. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, प्लगची फट ०.०३० इंच, हे आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलेल्या जीपा मी पाहिल्या आहेत आणि ती पद्धत मला फार आवडते.

टायमिंग वाजवीपेक्षा पुढे गेलं तर स्टार्टिंग हँडल मारताना इंजिन उलटा हिसका देतं. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. हिसका बसला तर मनगट मोडतं. मे महिन्यात घाट चढताना पेट्रोल जीप गप्प झाली, तर दोष बहुधा टायमिंगचा नसतो. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं, गाडी परत बोलू लागते.

डिझेल जीपला ठिणगीची भानगड नाही, पण ‘एअर धरणं’ आहे. टाकी कोरडी झाली किंवा फिल्टर बदलला की नळ्यांत हवा शिरते. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पंपाचा सगळा दाब हवेच्या बुडबुड्यात जिरतो आणि इंजेक्टर उघडतच नाही. उपाय सोपा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाची कळ हाताने मारत राहायची, फेस येणं थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. तरीही न जमल्यास इंजेक्टरकडच्या नळ्यांचे नट किंचित ढिले करून स्टार्टर मारायचा. तेव्हा हात आणि चेहरा लांब हवेत: त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीत घुसते. प्यूजोच्या या इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०, चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, नावातच माप.

जुन्या जीपचा सर्वात भीतिदायक आजार म्हणजे वॉबलिंग. साठच्या आसपास वेग, रस्त्यात एखादा खड्डा, आणि अचानक पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात. स्टेअरिंग हातात राहत नाही. गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते शमत नाही. बरेच जण यावर स्टेअरिंग डॅम्पर लावून मोकळे होतात. माझ्या मते ते आजार झाकणं आहे. मूळ बहुतेकदा किंगपिनच्या बेअरिंगांत, टाय रॉडच्या टोकांत किंवा पाट्यांच्या घासलेल्या बुशांत असतं. तपासणी घरी होते. पुढचं चाक जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड द्यायचा. चाक वरखाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर किंगपिन किंवा व्हील बेअरिंग. एकाने ब्रेक दाबून धरला आणि तरीही खेळ राहिला, तर व्हील बेअरिंग सुटलं, किंगपिन सापडली. आडवं धरून हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉड. किंगपिनच्या टोपीखाली पातळ शिमा असतात. त्यातली एखादी काढली की बेअरिंगवर दाब येतो. किती दाब हवा तेही विलीजच्या जुन्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेलं आहे, आणि तो मोजायचा स्प्रिंगच्या तागडीने, नकल ओढून. बेअरिंगला खड्डे पडले असतील तर शिमांनी काही होत नाही, बेअरिंगच बदलावं लागतं.

तेलगळतीबद्दल जीपवाले विनोद फार करतात. एक गळती मात्र विनोदाची नाही. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. त्या जागचं ऑइल सील फुटलं की तेल सरळ ब्रेकच्या अस्तरावर येतं आणि घाटात उभी केलेली जीप हळूहळू निघून जाते. सील किरकोळ किमतीचं असतं. चाकामागे दगड लावायची जुन्या ड्रायव्हरांची सवय यातूनच आलेली असावी.

फोर-व्हील वापरण्यातही यंत्र समजून घ्यावं लागतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. या जीपांत पुढच्या-मागच्या शाफ्टांमध्ये डिफरन्शियल नाही, दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. मातीत टायर घसरून तो फरक जिरवतात. डांबरावर ते जमत नाही, ताण गिअरांत साठतो आणि लिव्हर अडकून बसते. अशा वेळी हातोडा घेऊ नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की लिव्हर सुटते. टू-व्हीलवर चालतानाही पुढची चाकं आपल्यासोबत एक्सलचे दांडे फुकट फिरवत राहतात. ते सोडवणारे लॉकिंग हब अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये, युद्धातून विकल्या गेलेल्या जीपांसाठीच, काढले.

घरी काय करू नये हेही सांगायला हवं. ब्रेकच्या सर्किटमध्ये ब्रेक ऑइलशिवाय दुसरं कुठलंही तेल घालू नये. इंजिन ऑइलने आतले रबरी कप फुगतात. जुन्या जीपांना ब्रेकचं एकच सर्किट असतं, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे गंजलेली नळी डाग देऊन चालवू नये. स्टेअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग नको. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये. सुटे भाग मिळतात: पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी. हरियाणाच्या मंडी डबवालीत तर अख्खी जीप नव्याने बांधून देतात.

तिथेच कायद्याचा प्रश्न येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीला इन्स्पेक्टर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहतो. जुनी जीप विकत घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी दोन्ही नंबर वायर ब्रशने घासून स्वतः वाचून घ्या.