टेम्पोला तीनच चाकं का होती?

हंगामात पाचोडच्या मोसंबी बाजारात टेम्पोंची रांग लागते. आजच्या टेम्पोंना चार चाकं असतात, कुणाला सहा. पण तुमच्या आजोबांना विचारून बघा, त्यांना तीनचाकी टेम्पो नक्की आठवेल. पुढे काढलेलं लांब नाक, नाकाखाली एकच चाक आणि लांबूनच ऐकू येणारा फटफट आवाज!

ही गाडी मूळची जर्मनीची. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचं नावच टेम्पो. 1958 साली आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि ‘हॅन्सिअट’ नावाची ही तीनचाकी मुंबईत गोरेगावला तयार होऊ लागली. पुढे कंपनीचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला.

पण तीनच चाकं का बरं? चला, एक खेळ खेळू.

एक मीटर लांबीची काठी घ्या. एक टोक तुमच्या हातात, दुसरं मित्राच्या. शेजारी शेजारी चालत मैदानात गोल चक्कर मारा, काठी मात्र वाकडी होऊ द्यायची नाही. आतला रमतगमत चालेल, बाहेरच्याची पळापळ होईल. एका पूर्ण चकरेत बाहेरचा जवळपास सव्वासहा मीटर जास्त चालतो. आणि चक्कर अंगणाएवढी मारा नाहीतर अख्ख्या शिवाराला मारा, फरक तेवढाच राहतो! परिघाचं सूत्र शिकला असाल तर वहीत मांडून बघाच.

वळणावर गाडीच्या चाकांचंही असंच होतं. बैलगाडीला त्याची काळजी नसते, कारण तिची दोन्ही चाकं आपापली मोकळी फिरतात; ओढायचं काम बैलांचं. पण इंजिनाने एकाच आसावर घट्ट बसवलेली दोन चाकं फिरवली, तर वळताना एक चाक जमिनीवर घासत जाणार. हॅन्सिअटमध्ये यावर सोपी युक्ती होती. जेमतेम 400 सीसीचं इंजिन पुढे ठेवलं आणि फक्त पुढचं चाक फिरवलं. मागची दोन्ही मोकळी, अगदी बैलगाडीसारखी!

तीन चाकांची हीच गोष्ट आपल्याला आणखी मागे नेते. कार्ल बेन्झ यांनी 29 जानेवारी 1886 रोजी आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिलाही तीनच चाकं होती. इंजिन मात्र मागे होतं आणि ते मागची दोन चाकं फिरवायचं. म्हणून बेन्झ यांनी दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जुळणी बसवली, तिला डिफरन्शियल म्हणतात. मग पुढे एकच चाक कशाला? कारण पुढे दोन चाकं असली, की वळताना आतलं चाक जास्त वळावं लागतं आणि बाहेरचं कमी. ते कोडं त्यांना तेव्हा समाधानकारक सुटलं नव्हतं. 1893 साली सुटलं, आणि त्यांची चारचाकी आली.

मधल्या काळात या तीनचाकीला जगापुढे आणलं ते त्यांच्या पत्नीने. मला तर या सगळ्या इतिहासात बर्था बेन्झच सगळ्यात जास्त आवडतात. 1888 च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, त्या दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. शंभरावर किलोमीटर, म्हणजे साधारण पाचोडहून संभाजीनगरला जाऊन परत येण्याएवढं अंतर. तेव्हा पेट्रोल पंप कुठले? त्यांनी वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परतल्यावर बर्था यांनी चढासाठी आणखी एक गिअर हवा, असंही सुचवलं. खऱ्या रस्त्यावर गाडीची खरी परीक्षा घेणाऱ्या त्या पहिल्या चालक!

डिफरन्शियल आजही चारचाकी गाड्यांत असतं, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या जाणाऱ्या ऑडीतही. बाजारात एखादा माल भरायचा पिकअप किंवा ट्रक उभा असेल, इंजिन बंद असेल, तर चालककाकांची परवानगी घ्या आणि मागून वाकून बघा. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर मधोमध लोखंडी गोल फुगवटा दिसेल. ते डिफरन्शियल त्याच्याच पोटात असतं.