तीन दिवसांचा प्रवासी : 'किनो नो ताबी' आणि उपेक्षेचे दोन अर्थ

पालि भाषेतील 'उपेक्खा' म्हणजे समतोल दृष्टी. मराठीतील 'उपेक्षा' म्हणजे दुर्लक्ष. मूळ शब्द एकच, परंतु अर्थांत मोठे अंतर पडले आहे. हे अंतर समजून घेण्यास एक जपानी ॲनिमे मालिका साहाय्यभूत ठरते, म्हणून तिचा परिचय येथे करून देत आहोत.

'किनो नो ताबी' म्हणजे 'किनोचा प्रवास'. केइइची शिगुसावा यांच्या २००० सालापासून प्रसिद्ध होत असलेल्या कथांवर ती आधारलेली आहे. र्‍यूतारो नाकामुरा यांनी दिग्दर्शित केलेली तेरा भागांची मालिका २००३ साली प्रसारित झाली. २०१७ साली याच कथांवर दुसरी मालिका निघाली. आमचे विवेचन पहिलीपुरते आहे.

किनो ही तरुण मुलगी. हर्मीस नावाच्या बोलक्या मोटारसायकलीवरून ती देशोदेशी हिंडते. कोणत्याही देशात तीन दिवसांहून अधिक राहावयाचे नाही, हा तिचा नियम. एवढ्या मुदतीत देशाची बहुतेक ओळख होते, असे ती सांगते. प्रत्येक देश एखाद्या कल्पनेच्या टोकाला जाऊन पोहोचलेला असतो. एका देशात लोकांना परस्परांची मने वाचता येऊ लागतात. परिणामी ते एकमेकांपासून दूर, एकेकटे राहू लागतात. दुसऱ्या देशात राजसत्ता उलथवून सर्व निर्णय बहुमताने होऊ लागतात, अल्पमतातल्यांना देहान्त दिला जातो आणि अखेर एकच मनुष्य उरतो. बहुमत आणि लोकशाही यांतील भेद आमच्या वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

मालिकेचे मर्म मात्र लोहमार्गाच्या कथेत आहे. ओसाड मार्गावर एक वृद्ध पन्नास वर्षे रूळ घासून लख्ख करीत आहे. पुढे दुसरा मनुष्य तेच रूळ उखडीत येत आहे. त्याच्याही पुढे तिसरा नवे रूळ टाकीत आहे. तिघांनाही परस्परांची वार्ता नाही. दिलेली आज्ञा पाळण्यात त्यांचे आयुष्य सरले आहे. किनो तिघांनाही भेटते, आपुलकीने बोलते आणि सत्य न सांगता पुढे जाते.

या मौनास काय म्हणावे? ते रसिकांना शांत, प्रगल्भ वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. तीन दिवसांच्या पाहुण्याने परक्याच्या आयुष्याचा न्यायनिवाडा करू नये, ही नम्रता मोलाची आहे. पण आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त येथेच सावधगिरीचा इशारा दिला आहे. राग आणि द्वेष हे उपेक्खेचे दूरचे शत्रू. ते सहज ओळखू येतात. तिचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून येणारी बेफिकिरी. गुणदोषांचा विचार न करणे हे दोहींत समान असल्यामुळे ती उपेक्खेसारखीच दिसते. रूळ घासणाऱ्या वृद्धाच्या श्रमांकडे पाहून स्वस्थ राहणारा साक्षी यांपैकी कोणता, हे बाहेरून ठरविता येत नाही. ब्रह्मविहारांत उपेक्खेचे स्थान मेत्ता, करुणा आणि मुदिता यांच्यानंतर चौथे आहे, हा क्रम म्हणूनच अर्थपूर्ण आहे.

किनोच्या ठिकाणी करुणा नाही, असेही म्हणता येत नाही. बर्फात अडकलेल्या तीन उपाशी माणसांसाठी ती ससे मारून आणते. ती माणसे गुलामांचे व्यापारी निघतात, तिलाच पकडू पाहतात, आणि तिला त्यांना ठार करावे लागते. मदत केल्याने हात रक्ताळतात आणि न केल्याने मन. मालिका या पेचावर तयार उत्तर देत नाही. प्रसंग मांडून ती थांबते व विचार प्रेक्षकांवर सोपविते. हेच तिचे सामर्थ्य होय.

ज्यांच्या पिढ्या 'उपेक्षित' या शब्दाखाली जगल्या, त्यांना तटस्थपणाचे कौतुक सहजासहजी पटणार नाही, आणि ते योग्यच आहे. समतोल दृष्टी आणि पाठ फिरविणे बाहेरून सारखेच दिसते. म्हणून आपले मौन यांपैकी कोणते, हे ज्याने त्याने स्वतःस विचारून पाहावे.