घोस्ट रायडरची आग नेमकी कुणाची?

- प्रतिनिधी

डोक्याच्या जागी पेटलेली कवटी, अंगात कातडी पोशाख आणि ज्वाळा ओकणारी मोटारसायकल. एवढ्या वर्णनावरून मार्व्हल कॉमिक्सचा 'घोस्ट रायडर' कोणीही ओळखेल. निकोलस केजच्या २००७ मधील चित्रपटाने तो आपल्याकडच्या प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला. मात्र ही आग नरकातली की स्वर्गातली, यावर त्याच्या चाहत्यांमध्ये अर्धशतकानंतरही एकमत नाही. वरवर पोरकट वाटणाऱ्या या वादाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. लेखक बदलत राहिले, तर पात्र कोणाचे समजायचे?

या पात्राचा जन्मच मुळी नियम बदलल्यामुळे झाला. अमेरिकी प्रकाशकांनी १९५४ मध्ये स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि भयकथा कॉमिक्समधून जवळपास हद्दपार झाल्या. १९७१ मध्ये ही बंधने सैल होताच रक्तपिपासू, नरवृक, सैतान पुन्हा अवतरले. ऑगस्ट १९७२ च्या 'मार्व्हल स्पॉटलाइट'च्या पाचव्या अंकात घोस्ट रायडर आला. लेखक गॅरी फ्रेडरिक, चित्रकार माइक प्लूग आणि संपादनाची बाजू सांभाळणारे रॉय थॉमस या तिघांची नावे त्याच्या निर्मितीशी जोडली जातात. जळत्या कवटीची कल्पना मूळ कोणाची, याविषयी मात्र त्यांच्यातही मतभेद होते.

मूळ कथा साधी होती. मोटारसायकलवर कसरती करणारा जॉनी ब्लेझ कर्करोगाने आजारी असलेल्या पालक पित्याला वाचविण्यासाठी सैतानाशी करार करतो. पिता कर्करोगातून वाचतो, पण कसरत करतानाच प्राण गमावतो. करार मात्र कायम राहतो.

मित्र की मायाजाल?

पहिला मोठा वाद सत्तरच्या दशकातला. लेखक टोनी इझाबेला यांनी जॉनीच्या मदतीला एक गूढ 'मित्र' आणला. तो येशू ख्रिस्ताशी मिळताजुळता होता. श्रद्धेच्या बळावर जॉनीची सैतानापासून सुटका व्हावी, अशी त्यांची दीर्घ योजना होती. परंतु १९७६ मध्ये शेवटचा अंक छपाईला जाण्याच्या बेतात असताना जिम शूटर यांनी त्यात बदल केले आणि 'मित्र' हा सैतानी मायेचाच खेळ ठरला. इझाबेला यांनी त्याविषयीची नाराजी पुढे उघडपणे व्यक्त केली. एका वर्गाला हा वाचकांचा विश्वासघात वाटतो. तर दैवी हस्तक्षेपाने प्रश्न सुटला असता तर भयकथेतले भयच संपले असते, असे दुसऱ्याचे म्हणणे.

पुढे जॉनीच्या अंगातील शक्तीला 'झराथोस' या राक्षसाचे नाव मिळाले. पहिली मालिका ८१ अंकांनंतर १९८३ मध्ये संपली, तेव्हा जॉनी त्याच्यापासून मुक्त झाला होता.

सूडाचा आत्मा

१९९० मध्ये लेखक हॉवर्ड मॅकी यांनी डॅनी केच हा नवा नायक आणला. त्याने सैतानाशी करार केलेला नव्हता. त्याच्या अंगी संचारणारा आत्मा निरपराधांच्या सांडलेल्या रक्ताचा सूड घेई आणि अपराध्याच्या डोळ्यांत पाहून त्याने दिलेल्या यातना त्यालाच भोगायला लावी. नव्वदच्या दशकात वाचक झालेल्या पिढीला हाच खरा घोस्ट रायडर वाटतो. ही मालिका १९९८ मध्ये अर्धवट थांबली. तिचा समारोपाचा अंक वाचकांना थेट २००७ मध्ये मिळाला!

नंतर डॅनियल वे यांच्या मालिकेत धक्का बसला. ही शक्ती नरकाची नसून स्वर्गाची आहे, असे उघड झाले. आधीच्या कथेचा अर्थ असा मागाहून बदलण्याला कॉमिक्सच्या जगात 'रेटकॉन' म्हणतात. २००८ पासून जेसन आरॉन यांनी त्याच धाग्यावर स्वर्गातील बंडाची कथा रचली. या लेखनाचे कौतुक झाले. तरीही जुन्या वाचकांचा आक्षेप उरतोच: शक्ती स्वर्गाची असेल, तर जॉनीच्या त्या कराराला अर्थ काय? २०१४ मध्ये रॉबी रेयेस मोटारसायकलऐवजी मोटार घेऊन आला, तेव्हा नाव तेवढे उरले, अशी टीका झाली. अपंग भावाला सांभाळणारा हा तरुण काहींना मात्र मूळ जॉनीइतकाच जिवंत वाटला.

मालकी कोणाची?

हा प्रश्न न्यायालयातही गेला. फ्रेडरिक यांनी २००७ मध्ये हक्कांसाठी दावा लावला. १९७८ च्या एका कराराचा आधार घेत कनिष्ठ न्यायालयाने २०११ मध्ये मार्व्हलच्या बाजूने निकाल दिला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला आणि त्याच वर्षी उभय पक्षांत तडजोड झाली. फ्रेडरिक यांचे २०१८ मध्ये निधन झाले.

कादंबरीत लेखकाचा शब्द अखेरचा असतो. येथे तो मान कोणत्याच लेखकाला नाही. कंपनी लेखक बदलते आणि नवा लेखक पूर्वसूरींचे लिखाण फिरवू शकतो. सर्व अंक ओळीने वाचून त्यांतली विसंगती लक्षात ठेवण्याचे काम उरते ते वाचकाकडे. म्हणूनच चाहते इतक्या त्वेषाने भांडतात. २०२२ मध्ये जॉनी ब्लेझ नव्या मालिकेत परतला, तेव्हाही लेखक नवाच होता.