दादीचा दुपट्टा हिरवा होता

गेल्या ईदला घरातल्या एका पोराने दादीच्या निकाहच्या वेळचा फोटो मोबाईलवर रंगवला. सगळे खूश. दादीने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हा कुणाचा दुपट्टा? माझा तर हिरवा होता." ॲपने तो निळा केला होता!

चूक ॲपची म्हणावी तर तसंही नाही. ब्लॅक अँड व्हाईट फिल्मवर चांदीच्या संयुगाचा थर असतो. उजेड कमी की जास्त, एवढंच ती टिपते. लाल आणि हिरवा कपडा फोटोत एकाच करड्या छटेचा दिसू शकतो. मग मशीनला खरा रंग कळणार कुठून? ते अंदाज बांधतं.

म्हणून जुना सिनेमा बघताना आम्ही आता रंग शोधत नाही, उजेड कुठून येतोय ते बघतो. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (1959) पाहा. गीता दत्त यांच्या आवाजातल्या गाण्यात अंधाऱ्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा एक झोत उतरतो. कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांनी त्यासाठी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांवरून आत वळवलं होतं. दोन माणसांमधलं अंतर त्या झोतातच दिसतं. रंग असता तर नजर कपड्यांवर गेली असती.

'मुगल-ए-आझम'मधलं (1960) शीशमहालचं गाणं मुळातच रंगीत होतं. सगळा सिनेमा रंगवून 2004 मध्ये पुन्हा आला. तो जरूर पाहा, पण आमचं म्हणणं, आधी मूळ पाहा.

काही सिनेमे तर उरलेच नाहीत. फातमा बेगम या भारतातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक मानल्या जातात. त्यांचा 'बुलबुल-ए-परिस्तान' 1926 चा. त्यांची मुलगी जुबेदा 1931 च्या 'आलम आरा'ची, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाची नायिका. या दोन्ही सिनेमांची एकही प्रत आज सापडत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घ्यायची, आणि कित्येक रिळं तर चांदी काढण्यासाठी विकली गेली. 'आलम आरा' आता उरलाय तो काही फोटोंत आणि जाहिरातींत.

घरातल्या पेटीतले फोटोही असेच जातात, ओल लागून, एकमेकांना चिकटून. रंगवायचं असेल तर मोबाईलमधली कॉपी रंगवा, मूळ फोटो कोरड्या जागी ठेवा. मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा; बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

आम्ही त्याच संध्याकाळी दादीला घेऊन बसलो. फोटोत तिच्याभोवती नऊ बायका आहेत. सात नावं मिळाली.