मायावरणी गोधडी

मायावरणी गोधडी म्हणजे भोवतालच्या रंगांत मिसळून जाईल अशा तुटक, अनियमित नक्षीचे थरांचे किंवा कापूस भरलेले पांघरूण. मायावरण या शब्दाला छद्मावरण असाही पर्याय रूढ आहे. बोलीव्यवहारात मात्र अशा कापडाला 'मिलिटरी कापड' किंवा 'आर्मी प्रिंट' असेच म्हटले जाते. या नक्षीची रजई दोन कारणांसाठी घेतली वा शिवली जाते. एक कारण केवळ हौसेचे असते. वसतिगृहातल्या खाटेवर किंवा मुलांच्या खोलीत ती शोभेसाठी अंथरली जाते. दुसरे कारण रानात बसून वन्यजीव पाहण्याचे असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा ठरतो. पांघरूण कोणापासून लपवते आणि कोणापासून लपवू नये, हा प्रश्नही तेथेच उभा राहतो.

मायावरणाचे तत्त्व

एखादी वस्तू डोळ्यांना जाणवते ती प्रामुख्याने तिच्या बाह्यरेषेमुळे. बसलेल्या माणसाचे डोके, खांदे आणि गुडघे यांची सलग कड मागच्या झाडीपासून वेगळी दिसते. गडद आणि फिकट रंगांचे मोठे तुकडे ही कड छेदून गेले, तर पाहणाऱ्याला एक आकृती न दिसता सुटे डाग दिसतात. त्यामुळे मायावरणात रंगाइतकेच, किंबहुना रंगाहून अधिक, महत्त्व डागांच्या आकाराला आणि त्यांच्यातील उठावाला असते. फार बारीक नक्षी जवळून सुंदर दिसते, पण पन्नास पावलांवर तिचे सारे ठिपके एकमेकांत विरून एकच सपाट रंग उरतो. दुकानातील कापड हातात घेऊन निवडणाऱ्यांची चूक बहुधा येथेच होते. कापड भिंतीवर टांगून दूरून पाहणे ही त्याची साधी परीक्षा आहे.

या तत्त्वाचे उत्तम उदाहरण म्हणजे वाघ. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ साली घोषित झालेले महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात उभा असलेला वाघ अगदी जवळ असूनही पर्यटकांना दिसत नाही, याचे कारण त्याचे उभे काळे पट्टे. ते गवताच्या सावल्यांसारखे असून देहाची रेषा मोडून टाकतात. पण भडक नारिंगी रंगाचे काय, असा प्रश्न सहज पडतो. याचे उत्तर वाघाच्या अंगात नसून चितळ-सांबराच्या डोळ्यांत आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, तर हरणांच्या डोळ्यात त्या दोनच प्रकारच्या असतात. त्यांना तांबडा आणि हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. त्यामुळे माणसाला नारिंगी दिसणारा वाघ त्यांना हिरवट-मातकट झाडीचाच भाग वाटतो. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या साहाय्याने हाच मुद्दा तपासून दाखवला.

रातवा हा पक्षी याच परिसरातील दुसरा नमुना होय. तो दिवसा वाळलेल्या पाल्यावर निश्चल बसतो आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. त्याच्या पिसांत हिरव्या रंगाचा लवलेशही नसतो. करडा, तपकिरी, फिकट पिवळसर आणि थोडा काळा एवढ्यावरच त्याचे काम भागते. गोधडी शिवणाऱ्याने रंगांची निवड छापील कापडावरून करण्याऐवजी या पक्ष्यावरून करावी, हे उत्तम.

इतिहासातील टप्पे

रणांगणावर लपण्यासाठी रंगाचा विचारपूर्वक वापर भारतीय उपखंडातच लवकर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेशावरच्या सीमेवर हॅरी लम्सडेन याने 'कोअर ऑफ गाइड्स' या पथकाला मातीच्या रंगाचे कपडे दिले. 'खाकी' हा शब्द धूळ या अर्थाच्या 'खाक' या फारसी शब्दापासून आला आहे. मराठीत खाकी म्हटले की आज पोलीसच आठवतो, मुळातली धूळ आठवत नाही. डागांच्या नक्षीचा पद्धतशीर वापर पहिल्या महायुद्धात सुरू झाला. फ्रेंच सैन्याने १९१५ मध्ये चित्रकारांचे स्वतंत्र पथक उभारून तोफांवरची आच्छादने रंगवून घेतली. स्कॉटलंडमधील शिकाररक्षकांकडून आलेला चिंध्या लोंबणारा 'गिली' पोशाखही त्याच युद्धात नेमबाजांनी वापरला. त्याचे गोधडीशी असलेले नाते पुढे येईल.

भारतीय लष्कराने १५ जानेवारी २०२२ रोजी, लष्कर दिनी, नवा चौकोनी ठिपक्यांच्या नक्षीचा गणवेश प्रथम सादर केला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तो तयार झाला असून त्याच्या नक्षीची मालकी लष्कराने नोंदवून घेतली आहे. त्यामुळे त्या नक्षीची हुबेहूब नक्कल असलेले कापड अनधिकृतपणे तयार करणे वा विकणे कायद्याच्या विरुद्ध आहे.

तयार रजई आणि तिच्या मर्यादा

बाजारात मिळणारी या नक्षीची रजई बहुधा पॉलिस्टरची, आत कृत्रिम तंतू भरलेली असते. ती हलकी असते आणि लवकर वाळते, म्हणून घरगुती वापरास सोयीची पडते. रानासाठी तिच्यात तीन दोष आहेत. तिचे कापड चकाकते, हालचालीबरोबर सळसळते आणि शेकोटीची ठिणगी पडताच वितळून अंगाला चिकटते. चौथा दोष रंगाचा आहे. ही छपाई बहुधा गर्द हिरवी असते. चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल पानझडीचे आहे. पावसाळ्यानंतर ते हिरवेगार असते, पण मार्चपासून साग, ऐन आणि बांबूची पाने झडून जमीन तपकिरी होते आणि मेपर्यंत तशीच राहते. निरीक्षणाचा मुख्य काळ नेमका हाच असल्याने हिरवी रजई त्या पाचोळ्यात उलट उठून दिसते.

गादीघरातून सुती खोळ शिवून त्यात पिंजलेला कापूस भरून घेणे हा दुसरा मार्ग आहे. विदर्भ कापसाचा प्रदेश असल्याने तो सहज साधतो. अशी रजई उबदार असते, परंतु जड असते, आणि ओली झाली की वाळता वाळत नाही. हिवाळ्यात पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा ती घरात हवीहवीशी वाटते. मचाणावर मात्र ती ओझेच ठरते.

गोधडीची पद्धत

जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी महाराष्ट्रात घरोघर होती. वर वेगवेगळ्या कापडांची ठिगळे लावलेली गोधडी ही स्वभावतःच तुटक नक्षीची असते. मायावरणासाठी नवे तंत्र शोधावे लागत नाही, फक्त ठिगळांचा रंग आणि मांडणी बदलावी लागते.

नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याचे साधारण दोन मीटरचे चार तुकडे होतात. दोन-दोन तुकडे रुंदीत जोडले की सुमारे दोन मीटर लांब-रुंद असे दोन थर मिळतात. उन्हाळ्यातील मचाणासाठी हे दोन थर पुरतात, थंडीसाठी आणखी एक लुगडे लागते. कापड वापरून मऊ झालेले सुतीच असावे, कारण ते चमकत नाही आणि आवाजही करत नाही.

वरच्या बाजूची ठिगळे चौकोनी कापू नयेत. काही वीतभर, काही हातभर अशी वेडीवाकडी कापून गडद तुकड्याशेजारी फिकट तुकडा येईल असे पाहावे. दोन-तीन गडद तुकडे थेट कडेपर्यंत न्यावेत, म्हणजे कडेची रेषा तुटते. पारंपरिक गोधडीला शोभेसाठी चारही बाजूंनी उठावदार काठ लावतात. येथे तो काठ टाळावा लागतो, नाहीतर पाचोळ्यावर एक नीटस चौकट आखल्यासारखी दिसते. गोधडीचे टाके सहसा कडेला समांतर फिरत आत जातात. येथे त्यांची दिशा मधूनमधून बदलावी आणि दोरा मातकट रंगाचा घ्यावा. ज्यांना अधिक लपायचे असेल त्यांनी कडेला बोटभर रुंदीच्या चिंध्या सोडाव्यात. गिली पोशाखाचे काम या चिंध्या करतात.

रंग घरी देता येतात. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेले कापड लोखंडाच्या गंजाच्या द्रावात बुडवले की करडा ते काळा रंग चढतो. काताने तपकिरी रंग येतो आणि सागाच्या कोवळ्या पानांतून तांबूस. पळसाची फुले तुरटीबरोबर उकळल्यास पिवळा-नारिंगी रंग मिळतो. हिरडा, खैर, साग आणि पळस हे सारे वृक्ष या जिल्ह्यांच्या रानातलेच आहेत. रेशमातही या भूमीचा रंग आढळतो. आरमोरी परिसरातील टसर न रंगवताच मातकट-सोनेरी असते, मात्र त्याची झाक गोधडीला उपयोगी नाही आणि किंमत तर नाहीच नाही.

कोणापासून लपावे

संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय जाणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. रात्री रानात दडून बसलेल्या माणसावर शिकारीचा संशय येणे स्वाभाविकच आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवरून प्राणी पाहण्याची संधी नागरिकांना देतो. नोंदणी करून अशा मचाणावर बसणे हा या गोधडीचा सर्वांत योग्य उपयोग होय.

गडचिरोलीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी दलमे या भागात आली. १९९० मध्ये पोलिसांनी स्थानिक तरुणांमधून 'सी-६०' हे विशेष पथक उभारले. पुढील काही दशके या जंगलात हिरवा वा डागांच्या नक्षीचा पोशाख म्हणजे बंदूकधारी माणूस, असाच अर्थ दूरून पाहणाऱ्याने लावला असता. अशा ठिकाणी साध्या नागरिकाने लष्करी दिसणारे कापड अंगावर घेऊन झुडपात बसणे हे जिवावर बेतू शकणारे धाडस आहे. लोकांना आपण सैनिक वाटावे या हेतूने सैनिकासारखा पोशाख करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम १४०) दंडनीय अपराधही आहे. पांघरूण म्हणजे पोशाख नव्हे आणि कलमात हेतूला महत्त्व आहे, हे खरे. पण कलमाची चर्चा नंतर होते आणि गैरसमज क्षणात होतो. घरी शिवलेल्या, कोणत्याही दलाच्या नक्षीशी साम्य नसलेल्या गोधडीचा हा मोठाच लाभ आहे.

तिसरा धोका वाघाचा. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले, तेंदूपत्ता आणि सरपण गोळा करणाऱ्यांवर हल्ले होतात. वाकून वा बसून काम करणारा माणूस वाघाला माणूस म्हणून ओळखू न येणे, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणून रानात काम करणाऱ्यांनी समूहाने जावे, बोलत राहावे आणि स्वतःची चाहूल द्यावी, असे सांगितले जाते. जमिनीवर मायावरणी पांघरूण घेऊन एकट्याने बसणे या सल्ल्याच्या नेमके उलट आहे. ही गोधडी उंच मचाणावर किंवा बंद आडोशातच वापरावी, पायी फिरताना कधीही नाही.

यांपैकी पहिल्या दोन अडचणींवर वाघाच्या नारिंगी रंगातच एक तोडगा सापडतो. काही पाश्चात्त्य देशांत हरणाच्या शिकाऱ्यांना भडक नारिंगी कपडे घालणे सक्तीचे आहे, कारण तो रंग माणसाला दूरून दिसतो आणि हरणाला खुपत नाही. त्याच न्यायाने गोधडीच्या ठिगळांत नारिंगी रंगाचे दोन-चार मोठे तुकडे मिसळले, तर चितळ-सांबरांपासून लपणे कायम राहते आणि वनरक्षक, पोलीस वा गावकरी यांना मात्र माणूस ओळखता येतो. पळसाचा घरगुती रंग धुण्याने फिका पडतो, म्हणून हे तुकडे पक्क्या रंगाच्या कापडाचे घ्यावेत. पक्ष्यांची रंगदृष्टी माणसाहूनही तीक्ष्ण असल्याने पक्षिनिरीक्षकाला हा उपाय चालत नाही. त्याने नारिंगी बाजू आतून ठेवावी आणि उठताना गोधडी उलटी करून पांघरावी.

निगा

शुभ्रता वाढवणाऱ्या धुण्याच्या पावडरी टाळाव्यात. त्यांतील रसायने अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, आणि हरणांचे डोळे निळ्या रंगाला विशेष संवेदनशील असल्याने पहाटेच्या अंधुक उजेडात असे कापड त्यांना उठून दिसते. रिठ्याच्या पाण्यात धुतलेली गोधडी सावलीत वाळवावी. ठेवताना डांबराच्या गोळ्या घालू नयेत, कारण त्यांचा वास महिनोन्महिने जात नाही आणि सांबराचे नाक डोळ्यांहून तिखट असते. वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरेसा होतो.