छायाचित्राचा ठावठिकाणा

रानातील वीरगळ, पडक्या देवळातील शिलालेख किंवा सड्यावर उमललेले एखादे दुर्मिळ फूल यांचे छायाचित्र कितीही सुबक निघाले, तरी ते कोठे घेतले हे सांगता येत नसेल, तर अभ्यासकाच्या लेखी त्याचे मोल निम्मे होते. पूर्वी छायाचित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीने गावाचे नाव लिहून ठेवीत. आजच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्राबरोबर माहितीची एक अदृश्य चिठ्ठी साठविली जाते. तिच्यात दिनांक व वेळ असतेच, शिवाय अक्षांश-रेखांशांसाठीही जागा राखलेली असते. ही जागा भरण्यासाठी जीपीएसचे कोणते उपकरण घ्यावे, हा प्रश्न अनेक हौशी छायाचित्रकारांस पडतो.

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अचूक वेळेचे संदेश अखंड धाडीत असतात, आणि निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की ग्राहकयंत्र आपले स्थान काढते. मे २००० पर्यंत नागरी वापराचे संदेश मुद्दाम सदोष ठेवले जात. तो निर्बंध उठल्यापासून उघड्या आकाशाखाली साध्या यंत्रासही पाचेक मीटरांची अचूकता साधते. मात्र गोव्यातील तांबडी सुर्ल्याच्या महादेवाचे देऊळ घ्या. ते डोंगराच्या कुशीत, दाट झाडीत आहे. अशा ठिकाणी आकाशाचा तुकडाच काय तो दिसतो. म्हणून केवळ जीपीएसवर विसंबणाऱ्या यंत्रापेक्षा रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू यांचेही संदेश घेणारे यंत्र केव्हाही श्रेयस्कर. लेण्यांच्या आत मात्र कोणतेच यंत्र चालावयाचे नाही. तेथे दाराशी घेतलेली नोंदच आतील चित्रांस लावावी लागते.

काही कॅमेऱ्यांत ग्राहकयंत्र आतच बसविलेले असते. सोय मोठी, पण त्यातील काही, उदाहरणार्थ २०१२ चा कॅनन ६डी, कॅमेरा बंद केला तरी स्थान शोधीतच राहतात, आणि विद्युत्‌घट अकाली रिता होतो. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसणारी जोडयंत्रेही मिळतात. निकॉनचे जीपी-१ व कॅननचे जीपी-ई२ ही त्यांतील परिचित नावे. दुसरे यंत्र भिंग कोणत्या दिशेस रोखले होते हेही नोंदविते, जे वास्तूच्या अभ्यासकास मोलाचे. परंतु ही यंत्रे ठराविक कॅमेऱ्यांनाच जुळतात. कॅमेरा बदलला की ती अडगळीत जाण्याचा संभव फार. नव्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांना खिशातील मोबाइलकडून ब्लूटूथने स्थान मिळते. मोबाइलला रेंज नसेल तर जीपीएस चालत नाही, हा समज चुकीचा आहे. रेंजअभावी नकाशा उघडत नाही, स्थान मात्र मिळते.

ज्यास दिवसभर पायपीट करावयाची आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र नोंदयंत्र हाच उत्तम पर्याय. ते पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावे. दर काही सेकंदांनी ते आपले स्थान व वेळ टिपीत राहते. घरी आल्यावर ही वाटनोंद आणि छायाचित्रे संगणकावर एकत्र केली, की डिजीकॅम किंवा लाइटरूमसारखी आज्ञावली वेळेवरून वेळ जुळवून प्रत्येक चित्रास त्याचे स्थान देते. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असला तरी अडत नाही.

मात्र सारा डोलारा घड्याळावर उभा आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ एक मिनिट पुढे असेल, तर ताशी चार किलोमीटर चालणाऱ्याचे चित्र सुमारे ६५ मीटर सरकते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीतून घेतलेले चित्र तब्बल एक किलोमीटर. म्हणजे हलशीचे देऊळ नकाशावर भलत्याच शिवारात जाऊन बसावयाचे! शिवाय वाटनोंद जागतिक प्रमाणवेळेत होते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. हा फरक आज्ञावलीस सांगावा लागतो. जाणकार निघतानाच नोंदयंत्राच्या पडद्यावरील घड्याळाचे एक छायाचित्र घेऊन ठेवतात, म्हणजे दोहोंतील अंतर मागाहून नेमके काढता येते. तेव्हा वेळ दाखविणारा पडदा असलेले यंत्र निवडणे शहाणपणाचे.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर एक परीक्षा अवश्य करावी. जीपीएसच्या मूळ संदेशातील आठवड्यांची मोजणी १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यापासून सुरू होते. अशी पाळी १९९९ च्या ऑगस्टात व ६ एप्रिल २०१९ रोजी आली. काही जुन्या यंत्रांस हे उमगत नाही. ती स्थान बिनचूक दाखवितात, पण तारीख सुमारे साडेएकोणीस वर्षांपूर्वीची! अशा वाटनोंदीशी एकही चित्र जुळत नाही. म्हणून दुकानाबाहेर मोकळ्या जागी यंत्र चालू करून आजची तारीख उमटते की नाही ते पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.

गिर्यारोहकांच्या काही उपकरणांत स्थान टिपण्याबरोबर उपग्रहामार्फत संदेश पाठविण्याचीही सोय असते. अशी उपकरणे भारतात परवान्यावाचून बाळगणे गुन्हा आहे, आणि २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर यावरून परदेशी प्रवाशास अडविण्यात आले होते. केवळ संदेश ग्रहण करणाऱ्या यंत्रास ही अडचण नाही. परदेशस्थ आप्तांकडून यंत्र मागविणाऱ्यांनी हा भेद त्यांना आधीच कळवावा.

घरातील मुलांची किंवा दुर्मिळ वनस्पतींची चित्रे प्रसिद्ध करताना मात्र ही चिठ्ठी कोरी करणेच इष्ट. ऑर्किड चोरणाऱ्यास अक्षांश-रेखांश आयते मिळू नयेत, म्हणून आयनॅचरलिस्टसारख्या निरीक्षणसंग्रहातही संकटग्रस्त जातींचे नेमके स्थान झाकून ठेवले जाते. मूळ प्रत नोंदीसह आपल्या संग्रही ठेवावी आणि बाहेर द्यावयाच्या प्रतीतून स्थळ वगळावे. बहुतेक आज्ञावल्यांत तशी सोय असते.