अनियमित आर्तव आणि गर्भेच्छा : ऋतुकाल कोठून मोजावा?

अपत्यप्राप्तीसाठी येणाऱ्या आणि पाळी अनियमित असणाऱ्या स्त्रीला आम्ही पहिल्याच भेटीत एक प्रश्न हमखास विचारतो : "आजवर तुम्हांला कोणते दिवस सांगितले आहेत?" उत्तर बहुधा ठरलेले असते. दहावा ते सोळावा. क्वचित बारावा ते अठरावा. हे दिवस सांगणारी कधी घरातील अनुभवी जाऊ असते, कधी कुटुंबाचे डॉक्टर असतात आणि खेदाने नमूद करावे लागते की, पुष्कळदा आपल्यापैकीच एखादा वैद्य असतो.

काही वर्षांपूर्वी एक एकोणतीस वर्षांची रुग्णा आमच्याकडे आली. विवाहास चार वर्षे झालेली. प्रकृती कफप्रधान, विवाहानंतर वजन बरेच वाढलेले, हनुवटीवर राठ केस. तिने सोबत कालनिर्णयाची मागील वर्षाची पाने आणली होती. दुधाचा हिशोब आणि गॅसच्या टाकीची तारीख यांच्या शेजारी लाल शाईची लहान वर्तुळे होती. दोन वर्तुळांतील अंतरे आम्ही मोजली : ४१, ४७, ३८, ५२, ४४ दिवस. या दांपत्याने तीन वर्षे दहावा ते सोळावा हे दिवस निष्ठेने पाळले होते. इतर दिवशी संयम राखला, तर 'शक्ती साठते' असेही त्यांना कोणी सांगितले होते. आम्ही प्रत्येक अंतरातून मागे चौदा दिवस मोजले. बीजोत्सर्ग झालाच असेल, तर तो अनुक्रमे सत्ताविसाव्या, तेहेतिसाव्या, चोविसाव्या, अडतिसाव्या आणि तिसाव्या दिवसाच्या आसपास झाला असावा. म्हणजे त्यांनी पाळलेल्या दिवसांपैकी एकही दिवस उपयोगाचा नव्हता. ती बाई बराच वेळ त्या पानांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे डॉक्टर, आमचं चुकलं नव्हतंच?"

या गणनेमागील शरीरक्रिया आपण सर्वांनी अभ्यासलेली आहे, परंतु व्यवहारात ती विसरली जाते. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढील रजोदर्शनापर्यंतचा काळ बराचसा स्थिर, साधारण चौदा दिवसांचा असतो. एखादीत बारा, एखादीत सोळा. पाळी लांबते ती बहुधा बीज परिपक्व होण्याचा पूर्वार्ध लांबल्यामुळे. जपानमधील ओगिनो आणि ऑस्ट्रियातील क्नाउस यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्वतंत्रपणे हेच दाखविले, की बीजोत्सर्गाचे नाते मागील पाळीपेक्षा पुढील पाळीशी अधिक घट्ट असते. पुढे १९९५ मध्ये विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या अभ्यासातून गर्भधारणेस अनुकूल असा काळ सहा दिवसांचा असल्याचे प्रसिद्ध केले : बीजोत्सर्गाचा दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्रातील बीजे अनुकूल स्रावात काही दिवस टिकतात. स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस. 'चौदावा दिवस' हा अठ्ठावीस दिवसांच्या पाळीपुरता खरा असलेला हिशोब आहे. तो पंचेचाळीस दिवसांच्या पाळीस लावणे म्हणजे मृगाची पेरणी चैत्रात करणे होय. अडचण एवढीच की, मागून मोजण्यासाठी पुढील पाळी यावी लागते आणि ती आली की त्या महिन्याची संधी संपलेली असते. म्हणून केवळ गणिताने हा प्रश्न सुटत नाही.

येथे आपल्या ग्रंथांकडे वळावेसे वाटते. गर्भसंभवासाठी सुश्रुताचार्यांनी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार घटक सांगितले, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. ऋतुकाल बारा रात्रींचा, अन्य मते सोळा रात्रींचा, हेही आपल्याला मुखोद्गत असते. परंतु त्याच शारीरस्थानात, त्याच अध्यायात, ऋतुमती स्त्रीची लक्षणेही दिली आहेत. मुखाची प्रसन्नता, शरीराचा ओलावा, विशिष्ट अवयवांचे स्फुरण, मनाची ओढ अशी ती लक्षणे आहेत. शिवाय आर्तव दृष्ट नसतानाही ऋतू असू शकतो, हे मतही तेथे नोंदविलेले आहे. म्हणजे आचार्यांनी आपल्या हाती दोन मापे दिली, रात्रींची संख्या आणि स्त्रीच्या शरीरावरील चिन्हे. आपण संख्या पाठ केली आणि चिन्हे परीक्षेपुरती ठेवली. जिची पाळी नियमित आहे तिचे संख्येवर भागते. जिची नाही, तिला चिन्हांवाचून दुसरा आधार नाही. सुश्रुतांच्या 'ओलाव्या'चा अर्थ आजच्या भाषेतील गर्भाशयमुखाचा स्राव असाच आहे, असा दावा आम्ही करणार नाही. असे दावे करण्याची आपल्या व्यवसायात जी सवय लागली आहे, ती आपल्याच शास्त्राला लाज आणते. परंतु रात्री मोजण्याऐवजी स्त्रीकडे पाहावे ही दृष्टी मात्र तीच आहे.

व्यवहारात आम्ही रुग्णेला स्रावाचे निरीक्षण शिकवितो. पाळीनंतर काही दिवस कोरडेपणा, मग चिकट पांढरट स्राव आणि बीजोत्सर्गाच्या सुमारास पातळ, पारदर्शक, बोटांत धरला असता तार सुटणारा स्राव. पुस्तकांत यास कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची उपमा देतात. शाकाहारी घरातील मुलीला ती पटकन उमगत नाही; भेंडी चिरताना सुटणारी तार म्हटले की लगेच समजते. अशा दिवशी दिनदर्शिकेवर एक टिंब करावे, एवढेच सांगतो. सकाळचे तापमान बीजोत्सर्गानंतर किंचित चढते, म्हणून ते झालेल्या घटनेची साक्ष देते, पूर्वसूचना नव्हे. मूत्रातील एल.एच. तपासणाऱ्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. पी.सी.ओ.एस. असलेल्या काही स्त्रियांत हे संप्रेरक मुळातच वाढलेले असते, त्यामुळे त्या पट्ट्या फसवितात. अशा स्त्रियांत तार सुटणारा स्रावही एकाच पाळीत दोन-तीनदा येऊन जातो आणि बीज बाहेर पडतेच असे नाही. म्हणून दांपत्याला आमचा सल्ला साधा असतो : दिवस ठरवून बसू नका, दोन-तीन दिवसांच्या अंतराने सहवास चालू ठेवा आणि टिंबाचे दिवस चुकवू नका. ठरावीक तारखांचा ताण गेला की पुष्कळ जोडप्यांतील दुरावाही जातो. गर्भधारणेस साहाय्यक भावांत चरकाचार्यांनी सौमनस्याला श्रेष्ठत्व दिले आहे, ते उगाच नव्हे.

आता एका अप्रिय विषयाकडे येऊ. आर्तव लांबले की रजःप्रवर्तनी वटी, हे आपल्याकडे जवळजवळ प्रतिक्षिप्त झाले आहे. कन्यासार, कासीस, टंकण, हिंगू : द्रव्ये उष्ण, तीक्ष्ण, अनुलोमक. योग्य अवस्थेत हा कल्प उत्तमच आहे. परंतु गर्भेच्छू स्त्रीमध्ये रज प्रवृत्त होणे आणि ऋतू येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बीजोत्सर्ग न होताही रक्तस्राव होतो. तो झाला की रुग्णा समाधानी, वैद्य समाधानी आणि गर्भाशय मात्र पूर्वीइतकेच रिकामे. याहून गंभीर धोका वेगळा आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत एक स्त्री 'नेहमीप्रमाणे' पाळी लांबल्याची तक्रार घेऊन आमच्याकडे आली. पन्नास दिवस झाले होते आणि तिची पाळी तेवढी लांबतच असे. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली आणि वटी दिली. सात दिवसांनी स्राव सुरू झाला. तो पाळीचा नव्हता. तिला दिवस गेले होते हे त्यानंतर कळले. तो गर्भ औषधामुळे गेला की मुळातच टिकणारा नव्हता, हे कोणीही सांगू शकणार नाही. तिने आम्हांला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून मूत्रपरीक्षा केल्यावाचून आम्ही कोणाही विवाहितेला आर्तवप्रवर्तक औषध दिलेले नाही. नियमित पाळीच्या स्त्रीला आठ दिवस वर गेले की शंका येते. अनियमित पाळीची स्त्री आशाच सोडून बसलेली असते, म्हणून तिच्या वतीने शंका आपणच घ्यावयाची. चाचणीचा खर्च एका वटीच्या डबीहून अधिक नाही. प्रथम परीक्षा नकारात्मक आली, तरी बीजोत्सर्ग उशिरा झाला असण्याचा संभव धरून आठवडाभराने ती पुन्हा करावी.

निदानाविषयी थोडेच लिहितो, कारण वाचक वैद्य ते जाणतात. एकवीस दिवसांहून कमी किंवा पस्तीस दिवसांहून अधिक अंतर वरचेवर राहणे, अथवा वर्षातून आठाहून कमी वेळा पाळी येणे ही अनियमितता समजावी. स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये वर्णिलेल्या विकारास आज पी.सी.ओ.एस. म्हणतात. २००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे, इतर कारणे वगळल्यावर, अनियमित पाळी, पुरुषसंप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील बीजकोषाचे विशिष्ट स्वरूप यांपैकी दोन असावी लागतात. केवळ सोनोग्राफीचा कागद पाहून निदान करू नये. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पातील पुष्पघ्नी जातहारिणीशी या विकाराचे सरसकट समीकरण मांडणारे लेख आपण वाचतो. स्थूल, लोमश गाल हे साम्य खरेच लक्षवेधी आहे. पण तेथील स्त्रीस पुष्पदर्शन यथाकाल होते, केवळ ते निष्फळ असते, हा भेद त्या लेखांत सहसा येत नाही. आमच्या मते या वर्णनाचा खरा धडा पाळी वेळेवर येऊनही फळ नसणे हा आहे.

थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांची तपासणी प्रारंभीच करावी. प्रोजेस्टेरॉन 'एकविसाव्या दिवशी' तपासण्याचा प्रघातही त्याच अठ्ठावीस दिवसांच्या हिशोबातला आहे. लांब पाळीत ते अपेक्षित रजोदर्शनाच्या सात दिवस आधी पाहावे, अन्यथा अहवाल व्यर्थ निराश करतो. आर्तव अल्प होत गेले, तर जननमार्गाच्या क्षयाचा विचार आपल्या देशात मनात ठेवलाच पाहिजे. आणखी एक प्रश्न विचारण्याचे राहून जाते : गौरी-गणपती, घरचे लग्न, देवदर्शन यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या कितीदा घेतल्या? ही अनियमितता विकाराची नव्हे, आपल्या रिवाजाची असते. पतीची शुक्रपरीक्षा प्रथम भेटीतच लिहून द्यावी. सासूबाई सुनेला चार वर्षे चार वैद्यांकडे नेतात आणि मुलाची तपासणी एकदाही झालेली नसते, असे अनुभव आम्हांला आजही येतात.

चिकित्सेत स्थूल रुग्णेच्या बाबतीत आमचा भर प्रथम अग्नी आणि मेद यांवर असतो. वजन पाच टक्क्यांनी घटले तरी पुष्कळ स्त्रियांत पाळी मार्गी लागते. साबुदाणा आणि बटाट्याचे उपवास बंद करून जव, ज्वारी, कुळीथ यांकडे वळविणे हे एखाद्या रसकल्पाहून अधिक फलदायी ठरते. शोधन आणि बस्ती गर्भाचा संभव वगळूनच द्यावेत. काश्यपोक्त शतपुष्पा-शतावरी आणि फलघृत शोधनानंतर. कृश, वातप्रधान, जागरण करणाऱ्या मुलींत हा क्रम चालत नाही. तेथे बृंहणच हवे. उत्तरबस्ती रज थांबल्यावर, पूर्ण निर्जंतुक व्यवस्थेत आणि तार सुटणारा स्राव दिसण्यापूर्वीच उरकावी. फॉलिक अॅसिडची गोळी गर्भधारणेपूर्वीपासून चालू ठेवण्यास विरोध करणाऱ्या वैद्यांशी आम्ही सहमत नाही. वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांपलीकडे एकट्याने चिकित्सा करू नये. लेट्रोझोल वंध्यत्वासाठी वापरण्यावर आपल्या देशात २०११ मध्ये आलेली बंदी २०१७ मध्ये उठली, आणि पी.सी.ओ.एस.मध्ये बीजोत्सर्गासाठी आज त्यास प्रथम पसंती आहे. रुग्णा ते घेत असेल, तर तिने आपल्यापासून लपवू नये इतका विश्वास तरी आपण कमवावा. तीन महिन्यांहून अधिक काळ रज न आल्यास गर्भाशयाच्या अंतःस्तराची जाडी तपासून घ्यावी.

कालनिर्णयाची पाने आणणारी ती रुग्णा नवव्या महिन्यात गर्भवती राहिली. शेवटच्या पाळीपासून पासष्टाव्या दिवशी तिने अन्यत्र सोनोग्राफी करवून घेतली. नऊ आठवड्यांच्या मानाने गर्भ फारच लहान, हृदयस्पंदन नाही, वाढ खुंटलेली. पिशवी रिकामी करून घ्यावी, असे तिला सांगण्यात आले. ती दुसऱ्या दिवशी अहवाल आणि दिनदर्शिका दोन्ही घेऊन आली. त्या पाळीतील टिंबे चौतिसाव्या, पस्तिसाव्या आणि छत्तिसाव्या दिवशी होती. त्या हिशोबाने सोनोग्राफीच्या दिवशी गर्भ नऊ नव्हे, जेमतेम सहा आठवड्यांचा भरत होता, आणि अहवालातील माप त्याच वयाचे होते. पोटात वेदना नव्हती, स्राव नव्हता. आम्ही एका स्त्रीरोगतज्ज्ञ स्नेह्यांना दूरध्वनी करून टिंबांची हकीकत सांगितली. त्यांनी घाई करू नये, बारा दिवसांनी पुन्हा पाहू, असे सांगितले. ते बारा दिवस तिने कसे काढले, हे तिलाच ठाऊक. बाराव्या दिवशी सायंकाळी तिच्या पतीचा दूरध्वनी आला. पडद्यावर स्पंदन दिसले होते आणि वय त्या टिंबांशी दोन दिवसांच्या फरकाने जुळत होते.